कासव नांदूर मध्यमेश्वरला सोडलं तर चालेल का? आणि अभयारण्य नक्की असतं कशासाठी?

गोदाकाठचा_पक्या:
नमस्कार मंडळी. २०१९ च्या दिवाळीत लेकीच्या हट्टापायी एक कासव आणलं होतं, डोळ्यामागं लाल पट्टी असलेलं, तेव्हा पाच रुपयाच्या नाण्याएवढं होतं आणि दुकानदार छातीठोकपणे म्हणाला होता की हे एवढंच राहतं. आता ते नाश्त्याच्या डिशएवढं झालंय, टब पुरत नाही, पाणी दोन दिवसात वास मारतं आणि जिच्यासाठी आणलं ती क्लासमधून रात्री नवाला येते, त्यामुळे सगळं माझ्या गळ्यात. आई म्हणते रामकुंडात सोड, पुण्य लागेल. मला वाटलं त्यापेक्षा नांदूर मध्यमेश्वर बरं, हक्काचं अभयारण्य आहे, पाणी आहे, मासे आहेत. रविवारी चापडगावला गेलो तेव्हा तिथल्या एका गाईडला सहज विचारलं तर त्याने हातच जोडले, नको म्हणाला. आता मला सांगा, अभय देण्यासाठीच अभयारण्य ना? मग एवढ्याशा कासवाला का नाही?

ओझरचा_टवाळ:
विचारत काय बसलायस भावा, गंगापूर धरणावर जा नि संध्याकाळी सोडून ये. माझ्या मित्राने दोन सोडली होती. कोण बघतंय.

दुर्बीण_आणि_डबा:
टवाळराव, कोणी बघत नाही हाच तर सगळा घोळ आहे.

पक्या भाऊ, नको सोडूस, रामकुंडात नको, धरणात नको आणि नांदूरला तर अजिबात नको. तुझं कासव आपल्याकडचं नाहीच, ते अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं, रेड इअर्ड स्लायडर. जगात सगळ्यात जास्त उपद्रव देणाऱ्या परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. काहीही खातं, काटक असतं आणि आपल्या कासवांची उन्हात बसायची जागा, खाणं, सगळं बळकावतं. गोदावरीच्या खोऱ्यातली मऊ पाठीची कासवं आधीच अडचणीत आहेत, त्यांच्यात हा पाहुणा कशाला.

आता अभयारण्याचं. मी हिवाळ्यात पक्षी मोजायला तिथे जातो म्हणून सांगतो, नाव ऐकून तुझ्यासारखाच माझाही आधी गैरसमज होता. तिथे कुठल्याच प्राण्याला कोणी सांभाळत नाही. खायला घालत नाहीत, पिंजरे नाहीत. सांभाळतात ती जागा. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात कालव्यांसाठी बंधारा घातला, मागे गाळ साठत गेला, बेटं झाली, उथळ पाणी झालं, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी यायला लागले. म्हणजे कोणी ठरवून केलेलं नाही, सिंचनाच्या कामातून आपोआप झालं! १९८६ ला अभयारण्य म्हणून जाहीर झालं, क्षेत्र साधारण १०० चौरस किलोमीटर, आणि २०२० च्या सुरुवातीला राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून नाव आलं. आत गावं आहेत, ऊस आहे, द्राक्षं आहेत, कांदा आहे. हा अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातला मोठा फरक, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अभयारण्यात लोकांचे काही हक्क चालू ठेवता येतात, राष्ट्रीय उद्यानात जवळपास नाहीच.

त्यामुळे तिथलं काम म्हणजे फार कंटाळवाणं असतं बघ. पाणी किती राहतंय, जलपर्णी किती पसरली, कोणी चोरून जाळी लावली का, शिकार होतेय का. पाण्याची पातळी बंधाऱ्याच्या आवर्तनावर चालते, पाणी सोडलं की चिखल उघडा पडतो आणि चिखलात चोच घालणारे पक्षी खूश, भरलं की बदकं खूश. तू एक परकं कासव सोडलंस तर त्या जागेतच बिघाड केलास, ज्या जागेसाठी हे सगळं चाललंय. तो गाईड बरोबरच होता.

डॉक्टर_ताई_सिन्नर:
वरचं सगळं पटलं. मी जनावरांची डॉक्टर आहे, काही वर्षं एका रेस्क्यू सेंटरवर होते, त्यामुळे दुसरी बाजू सांगते. पक्यादादा, तुम्ही जे शोधताय ते अभयारण्य नाहीच, तुम्हाला आयुष्यभर सांभाळणारी जागा हवीय. मराठीत दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो म्हणून गोंधळ होतो. इंग्रजीतही तोच घोळ आहे म्हणा.

सेंटरला येणारं प्रत्येक जनावर परत जंगलात कसं जाईल हेच आधी बघायचं असतं. संक्रांतीनंतर घारी, घुबडं, बगळे यायचे, नायलॉन मांजाने पंख हाडापर्यंत कापलेला असायचा. शिवता आला तर शिवला, उडाली की सोडली. नाही उडाली तर? ती घार मग वर्षानुवर्षं तिथेच. जागा कायमची अडते, आणि पुढच्या संक्रांतीला नवीन दहा दारात. लोकांना वाटतं आणून दिलं म्हणजे आपण वाचवलं, पण खरा खर्च तिथून पुढे सुरू होतो.

बिबट्याची पिल्लं तर विचारू नका. निफाड, दिंडोरी, आमचं सिन्नर, ऊसतोड सुरू झाली की टोळीला फडात पिल्लं सापडतात. पूर्वी लोक उचलून आणायचे, दूध पाजायचे, फोटो काढायचे. माणसाच्या हाताने वाढलेलं पिल्लू परत सोडता येत नाही, त्याला शिकार येत नाही आणि माणसाची भीतीही उरत नाही, म्हणजे जन्मभर पिंजरा. आता वनविभागाची माणसं पिल्लं तपासून त्याच जागी संध्याकाळी कॅरेटमध्ये ठेवतात, हो तेच टोमॅटोचं कॅरेट, कॅमेरा लावतात आणि लांब जाऊन बसतात. आई येते, पंजाने कॅरेट पाडते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. कधी पहिल्याच रात्री येते, कधी दोन तीन रात्री बसावं लागतं. मला विचाराल तर सेंटरचं सगळ्यात चांगलं काम हेच, जनावर सेंटरला येऊच न देणं.

आणि ज्यांना सोडताच येत नाही त्यांच्यासाठी मग कायमची घरं. आग्र्याला नाचवल्या जाणाऱ्या अस्वलांचं केंद्र आहे, तापलेल्या सळईने नाकाला भोक पाडलेलं, दात तोडलेले, ती जंगलात कशी जगणार? तिथे त्यांचं म्हातारपण जातं. देशातलं शेवटचं नाचणारं अस्वल २००९ मध्ये सोडवलं गेलं, आणि ते शक्य झालं कारण नाचवणाऱ्या कलंदर कुटुंबांना दुसरा रोजगार उभा करून दिला. नुसती अस्वलं उचलून आणली असती तर दुसऱ्या दिवशी नवीन पिल्लू धरलं असतं. एक खूण सांगून ठेवते, जिथे पिल्लं जन्माला घालून विकतात, किंवा पैसे घेऊन जनावर मांडीवर देतात, त्या जागेच्या बोर्डावर काहीही लिहिलेलं असो, लांब राहा.

तुमच्या कासवासाठी कोणी दार उघडेल याची आशा कमी धरा, ही कासवं सगळीकडे नको झालीत. ते अजून वीसेक वर्षं सहज जगेल. आणि हात साबणाने धुवा, साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जिवाणू असतो त्यांच्या अंगावर, अमेरिकेत याच कारणाने चार इंचाखालची कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे.

मीना_निफाड:
आमच्या मामांचा बैल म्हातारा झाला तेव्हा हेच सगळं झालं. २०१५ च्या कायद्याने बैल कापायला बंदी आली, मग म्हातारा बैल विकायचा कोणाला? पांजरपोळीत नेला तर ते म्हणाले, सोडून जाताय पण वैरणीचं काय. बरोबरच होतं त्यांचं, एका बैलाला रोज किती लागतं ते शेतकऱ्याला माहीत असतं. शेवटी मामांनी गोठ्यातच ठेवला, चार वर्षं जगला. पक्यादादा तुमचं निदान चारा तरी मागत नाही.

ओझरचा_टवाळ:
बरं बाबा चुकलं. मित्राला सांगतो, पण ती दोन आता कुठे शोधणार तो.

गोदाकाठचा_पक्या:
डॉक्टर ताई, वीस वर्षं वाचून बायको दहा मिनिटं काही बोललीच नाही. लेकीला सगळी चर्चा वाचायला दिली, ती म्हणे सेकंड इयरला होस्टेलला गेले तर घेऊन जाईन, म्हणजे विषय संपला, कासव माझंच. गच्चीवर हौदासारखं काहीतरी करावं म्हणतोय, अर्धं ऊन अर्धी सावली आणि बाहेर येऊन बसायला फरशीचा तुकडा. मांजरं येतात म्हणून वर जाळी लागेल. कोणाकडे सिंटेक्सची जुनी टाकी पडून असेल, वरून कापलेली असली तरी चालेल, तर सांगा, इंदिरानगरहून टेम्पो घेऊन येतो.