आगमनकाळातली गुलाबी मेणबत्ती

नाताळआधीच्या साधारण चार आठवड्यांच्या आगमनकाळात ख्रिस्ती लोक एका गोल चक्रावर चार मेणबत्त्या लावतात, दर रविवारी एक. त्यातल्या तीन जांभळ्या आणि एकच गुलाबी का, असं बरेच जण विचारतात. आगमनकाळ हा मनाच्या झाडलोटीचा काळ, म्हणून जांभळा. तिसऱ्या रविवारी जरा सैल सोडतात, म्हणून त्या दिवशी गुलाबी. त्या दिवशीच्या उपासनेचं प्रवेशगीतच 'आनंद करा' असं सुरू होतं, बायबलमधल्या, प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातलं.

पण मेणबत्त्यांचं हे चक्र फार प्राचीन आहे असं कुणी म्हटलं, तर ते काही पटत नाही. आजच्या रूपाचं श्रेय साधारणपणे हॅम्बुर्गच्या योहान हिनरिक विखर्न या लुथरन पाद्रींना देतात. त्यांच्या संस्थेतली गरीब मुलं 'नाताळ कधी, नाताळ कधी' म्हणून भंडावून सोडायची. १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या: रोज एक छोटी लाल, रविवारी मोठी पांढरी. म्हणजे मुळात जांभळा नव्हताच! कॅथलिकांनी ही प्रथा उचलली ती विसाव्या शतकात.

आणखी एक. हा काळ फक्त बाळ येशूच्या जन्माची वाट पाहण्याचा नाही. कॅथलिक उपासनेत १६ डिसेंबरपर्यंत भर असतो तो ख्रिस्ताच्या पुनरागमनावर. १७ पासून गाडी बेथलेहेमकडे वळते. या काळात रविवारच्या मिस्सात (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत) 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत नसतं, 'आलेलूया' हा जयघोष मात्र असतो. ईस्टरआधीच्या उपवासकाळात तोही बंद. (मॉलमधल्या जिंगल बेल्सना यातलं काही लागू नाही.)

आणि चार आठवडे पूर्ण भरतातच असंही नाही. २०२३ मध्ये चौथा रविवार २४ डिसेंबरलाच आला, त्यामुळे शेवटचा 'आठवडा' त्याच संध्याकाळी, नाताळची उपासना सुरू होताच आटोपला.