बुटक्या घेवड्याला फुले भरपूर, शेंगा मात्र मोजक्याच

नवखी_माळीण
परसातल्या दोन वाफ्यांत मी या वेळी प्रथमच बुटका घेवडा, म्हणजे झुडपासारखी वाढणारी आणि आधार न लागणारी फरसबी, लावली आहे. पहिल्या वाफ्यात शेणखत सढळ हाताने मिसळले होते आणि उगवणीनंतर दोनदा युरियाचे पातळ द्रावणही दिले. झाडे गुडघ्यापर्यंत आली, पाने तळहाताएवढी आणि गर्द हिरवी झाली. चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास पांढरी फुलेही दिसू लागली. परंतु रोज सकाळी त्यांतली बरीचशी मातीवर पडलेली असतात आणि जी झाडावर आहेत, तीही बोट लागताच देठापासून सुटतात. बारा झाडांवर आजमितीस जेमतेम वीस शेंगा आहेत. सध्या दुपारी तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सियस असते.

दुसऱ्या वाफ्याची तक्रार वेगळी आहे. तेथे तीन आठवड्यांनी पेरणी केली. बी रात्रभर पाण्यात भिजवले होते, पेरल्यावर वाफ्याला रोज पाणीही दिले, तरी निम्मेच उगवले. उकरून पाहिले तेव्हा उरलेले बी मऊ पडून त्याला कुजका वास येत होता. दोन रोपे तर अशी आली आहेत की जाड दळे (बियाचे दोन अर्ध) दिसतात, पण त्यांच्या मधोमध शेंडाच नाही. पहिल्या वाफ्याला आणखी खत द्यावे का? मधमाश्या फारशा फिरकत नाहीत, हे तर कारण नसेल?

वाफसा
मधमाश्यांची चिंता सोडून द्या. घेवड्याचे फूल स्वतःचे परागीभवन स्वतःच करते आणि ते काम बहुधा फूल पूर्ण उमलण्याआधीच उरकलेले असते. तुमच्या वर्णनात मला दोन कारणे दिसतात आणि ती एकमेकांना पूरक ठरली आहेत.

पहिले कारण नत्राचे. घेवडा शेंगवर्गीय असल्यामुळे त्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधून झाडाला देतात. मात्र त्या वर्गात तो या कामी तसा आळशीच आहे, त्यामुळे पेरणीपूर्वी चांगले कुजलेले शेणखत बेताने घालणे योग्यच असते. त्यावर युरिया दिला की झाडाला आयता नत्र मिळतो, गाठी धरण्याचे प्रमाण घटते आणि सारा जोर पाल्यात जातो. बारांपैकी एक झाड मातीसकट हलक्या हाताने खणून काढा आणि मुळे बादलीत धुऊन पाहा. गाठी असल्यास एखादी नखाने फोडा: आतून गुलाबी असली तर ती काम करते आहे, पांढरट किंवा हिरवट असली तर नाही.

दुसरे कारण उष्णतेचे, आणि माझ्या मते तेच मोठे आहे. दिवसाचे तापमान ३० ते ३२ अंशांच्या वर राहू लागले, विशेषतः रात्रीही हवा निवेनाशी झाली, की परागकण निकामी होतात आणि फूल गळते. हे नुकसान फूल उमलण्याच्या सुमारे आठ-दहा दिवस आधी, कळी अगदी बारीक असतानाच सुरू होते. त्यामुळे हवा निवल्यानंतरही काही दिवस फुलगळ चालूच राहते आणि आपल्याला वाटते की पाण्यात किंवा खतात काही चुकले. खत मुळीच देऊ नका. फुलोऱ्यात माती कोरडी पडू देऊ नका, बुंध्याभोवती वाळलेल्या पानांचे आच्छादन पसरा आणि शक्य असल्यास दुपारपुरती विरळ सावली करा.

खुरपे_हाती
दुसऱ्या वाफ्याबद्दल मी लिहितो, कारण तिन्ही चुका मी स्वतः केलेल्या आहेत. घेवड्याचे बी रात्रभर भिजवावे असे अनेक जण सांगतात. माझे मत याच्या उलट आहे. कोरडे बी एकाएकी पाण्यात बुडाले की ते झपाट्याने पाणी ओढते, आतल्या दळांना चिरा पडतात, त्यांतला अन्नांश बाहेर झिरपतो आणि बुरशीला आयते खाद्य मिळते. त्यानंतर तुम्ही वाफा रोज भिजवला, म्हणजे बियाला हवाही मिळू दिली नाही. पेरणीच्या आदल्या दिवशी वाफा भरपूर भिजवावा, वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाली, की कोरडेच बी तीन-चार सेंटिमीटर खोल टोकावे आणि कोंब वर दिसेपर्यंत माती फार सुकत नसेल तर पाण्याला हात लावू नये. मातीचे तापमानही पाहावे: १५ अंशांखाली बी कुजते आणि २० ते २७ अंशांच्या दरम्यान आठवड्याभरात उगवते.

शेंडा नसलेली रोपे काढून टाका. बी हाताळताना आपटले असेल, किंवा वर येताना कडक पपडीशी झुंजले असेल, तर दळांमधला नाजूक कोंब मोडतो आणि अशा रोपाला धड झाड होता येत नाही. घेवडा आपली दळे जमिनीबाहेर घेऊन येतो. मान वाकवून तो मातीला खालून ढुशी देतो, म्हणून वरची पपडी त्याला फार जाचते. एकदा ही पपडी फोडण्याच्या सद्हेतूने मी खुरपे चालवले आणि वाकलेल्या माना एका ओळीत छाटून टाकल्या. त्या दिवसापासून पेरणीनंतर मी मातीऐवजी बारीक चाळलेले कंपोस्टच वरून पसरतो.

उमलती_वेल
वरील दोन्ही उत्तरे पटतात, पण पहिला वाफा वाचवण्याची एवढी खटपट करावी का, याबद्दल मला शंका आहे. वेली घेवडा आठवडेच्या आठवडे फुलत राहतो, त्यामुळे त्याला सुधारायला अवधी असतो. बुटक्या घेवड्याचा शेंडा फुलावर थांबतो. बहुतेक फुले दोन-तीन आठवड्यांत येऊन जातात आणि पेरणीपासून ५० ते ६० दिवसांत शेंगा तोडणीला येतात. तो काळ उन्हाने खाल्ला तर नंतर कितीही लाड केले तरी मोठे पीक हाती लागत नाही. त्यापेक्षा पुढची पेरणी अशी साधावी की फुलोरा थंड आठवड्यांत येईल. साधारण चाळीस दिवस मागे मोजून बी टोकावे. शिवाय सगळे बी एकदम न पेरता दर दोन-तीन आठवड्यांनी एकेक ओळ पेरल्यास एखादी ओळ हुकली तरी दुसरी हाती राहते.

आहेत त्या वीस शेंगा मात्र झाडावर ठेवू नका. शेंग वाकवल्यावर काडकन मोडली आणि आतले दाणे बाहेरून उठून दिसत नसतील, तर ती तोडायची वेळ झाली. जून शेंग झाडावर राहिली की झाड दाणे भरण्याच्या मागे लागते आणि नवी फुले कमी धरते. एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने तोडा, नाहीतर ठिसूळ फांदीच हातात येते. पाने ओली असताना वाफ्यात शिरू नका. तांबेरा आणि करपा हे पानांवरचे रोग हात आणि कपड्यांवरून पसरतात.

नवखी_माळीण
आज सकाळी एक झाड खणून मुळे धुतली. गाठी मोजून सात निघाल्या आणि फोडलेल्या तिन्ही आतून पांढरट होत्या. शेंगा तोडून घेतल्या, त्यांतल्या पाच तर वाकवल्यावर न मोडता चामड्यासारख्या वळल्या, म्हणजे मीच उशीर केला होता. दुसऱ्या वाफ्यातल्या रिकाम्या जागी कोरडे बी टोकले आहे. पहिल्या वाफ्यातली झाडे काढल्यावर तेथे पुन्हा घेवडाच लावला तर चालेल का?

वाफसा
शक्यतो नको. बुरशीजन्य रोग आणि मर (झाड सुकवणारा रोग) मातीत व पालापाचोळ्यात टिकून राहतात, म्हणून त्या जागी दोन-तीन वर्षे घेवडा किंवा त्याच्या कुळातले पीक घेऊ नये. पालेभाजी घ्या, युरियाचा उरलेला नत्र तिच्या कामी येईल. झाडे निरोगी असल्यास ती न उपटता जमिनीलगत कापा आणि मुळे तशीच कुजू द्या. डाग पडलेला पाला मात्र कंपोस्टमध्ये टाकू नका.