.32 रिव्हॉल्व्हर, .32 पिस्तूल की .22? सल्ला हवा

शेतघर:
मळ्यातल्या घरासाठी परवाना मंजूर झालाय, एनपीबी (नॉन-प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे प्रतिबंधित नसलेल्या मापाच्या हत्याराचा). मावसभाऊ म्हणतोय 9 एमएमसाठी थांब. घरच्यांना .22 चं 'निडर' रिव्हॉल्व्हर हलकं म्हणून आवडलंय. सराव महिन्यातून एकदाच जमेल. जाणकारांनी सांगावे.

बारूदखाना:
9 एमएम विसरा. ती प्रतिबंधित बोअर आहे, एनपीबी परवान्यावर मिळणार नाही.
ढोबळ आकडे देतो, नळी आखूड असली की यातूनही घटतात. .32 रिव्हॉल्व्हरची (काडतूस एस अँड डब्ल्यू लाँग) गोळी 6.35 ग्रॅम, वेग सेकंदाला 215 मीटर, म्हणजे 147 ज्यूल. .32 पिस्तुलाची (काडतूस एसीपी) 4.6 ग्रॅम, 275 मीटर, 174 ज्यूल. दोन्हींत डावंउजवं करण्यासारखं काही नाही. .22 शंभराच्या आतबाहेर. पण तिची खरी अडचण वेगळी. पेटवणारा मसाला काडतुसाच्या कडेत पसरलेला असतो. जिथे घोडा आपटतो तिथेच तो विरळ असला तर नुसतं 'टक्'.
महिन्यातून एकदाच सराव असेल तर .32 रिव्हॉल्व्हर. राऊंड फुसका निघाला तर चाप परत ओढायचा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून तो बाहेर काढावा लागतो, आणि घाबरलेल्या हाताला तेच जमत नाही.

काडतूस:
+1. शिवाय एसीपीच्या काडतुसाला अर्धवट रिम (बुडाची बाहेर आलेली कड) असते. मॅगझिन भरताना वरच्याची रिम खालच्याच्या मागे गेली की दोन्ही अडकतात, स्लाइड ओढूनही सुटत नाहीत. प्रत्येक राऊंड मागे टेकवून भरा. आखूड होलो पॉइंटमध्ये (टोकाला पोकळ गोळी) हे जास्त होतं, आणि .32 मध्ये ती गोळी खोलही जात नाही. साधी जॅकेटवाली (धातूचं आवरण असलेली) घ्या.

शेतघर:
मग दुकानात काडतुसं घेताना नुसतं '.32 द्या' म्हटलं तर चालेल?

बारूदखाना:
अजिबात नाही! एसीपी काडतूस काही-काही .32 रिव्हॉल्व्हरांच्या घरात जाऊन बसतं, पण त्याचा दाब जास्त. काडतुसाच्या बुडावरचा शिक्का वाचूनच पैसे द्या.

काडतूस:
चामडी पट्ट्यात राऊंड ठेवू नका, पितळेवर हिरवा थर चढतो. काडतुसांना तेल तर नाहीच, ते झिरपून मसाला मारतं. सरावात राऊंड उडाला नाही तर नळी समोरच धरून तीस सेकंद थांबा. आवाज दबका आला तर पुढची गोळी झाडू नका, आधीची नळीत अडकली असेल. हत्यार रिकामं करून नळीत सळई घालून बघा.