घरात एकटेच 'पथ्यवाले' आहात? अनुभव सांगा

परवा रात्री जेवणं झाल्यावर सगळे गप्पा मारत बसले होते. मधे गोडाचा डबा उघडा, आणि मी पाण्याचा पेला घेऊन कोपऱ्यात. नवरा म्हणाला, "आल्या बघा डॉक्टरीणबाई." सगळे हसले, मीही हसले. आत जाऊन मात्र डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी माझं एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, हे तेव्हा कळलं. साखर जवळजवळ बंद केली, रात्रीचं जेवण अलीकडे आणलं, रोज चाळीस मिनिटं चालते. सात महिन्यांनी आकडा ५.८ झाला. म्हणजे शरीराने ऐकलं, घरच्यांचं काय करायचं ते कळत नाही. "एका तुकड्याने काय होतंय" हे दिवसातून तीनदा ऐकून जीव विटतो.

तुम्ही कसं निभावलंत? उपदेश नकोत, घडलेलं सांगा. फजितीही चालेल.

* * *

माझं दारूचं. व्यसन वगैरे नव्हतं, पण दर शनिवारी मित्रांबरोबर बसणं ठरलेलं. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं आणि थांबलो. पहिल्या शनिवारी कारणांसकट भाषण ठोकलं. तिथेच चुकलो. भाषण दिलं की समोरच्यांना वादाला विषय मिळतो. एकाने लगेच रोज पिऊन नव्वदी गाठलेल्या आजोबांचा दाखला दिला. (प्रत्येकाच्या खानदानात असे एक आजोबा असतातच.)

पुढच्या शनिवारी काही न बोलता ग्लासात सोडा, बर्फ, लिंबू घेतलं. कुणाचं लक्षही गेलं नाही. रिकामा हात दिसला की लोक भरायला येतात, म्हणून ग्लास अर्ध्यावर आला की मी स्वतःच उठून भरतो. तीन महिन्यांनी सगळ्यात जास्त चिडवणारा मित्र निघताना गाडीपाशी घुटमळला आणि हळूच म्हणाला, "तुझे रिपोर्ट आता कसे आहेत रे? माझेही जरा..." पुढचं वाक्य त्याने पूर्ण केलं नाही.

* * *

मी पलीकडच्या बाजूचा. आमच्या घरात सुधारलेली ती आणि बिघडलेला मी.

बायको धावायला लागली, पाकिटांच्या मागचे बारीक आकडे वाचायला लागली. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल इतक्या वेळा ऐकलंय. पुढे तिने बोलणं सोडलं. मी वरून मीठ घेतलं की ती फक्त मिठाच्या बाटलीकडे बघायची. त्या बघण्याचा इतका राग यायचा की नको असताना मी दुसऱ्यांदा घ्यायचो. हा बावळटपणा होता, कबूल. पण आपल्याच ताटावर पहारा बसला की माणूस असाच वागतो.

मग तिचा गुडघा दुखावला. सहा आठवडे धावणं बंद आणि चिडचिड चालू. संध्याकाळी हळूहळू चालायला सोबत हवी म्हणून मी निघालो. तिथे ना आकडे, ना उपदेश. तिला कुठे टेकायचं आणि मला कधी परत फिरायचं, एवढंच बोलणं. ती बरी होऊन पुन्हा धावायला लागली, माझं चालणं मात्र राहिलं. मला ते आवडतं हे तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर लगेच पावलं मोजायला लावेल.

ताई, राग मानू नका, पण त्या डब्याकडे आणि डब्यात हात घालणाऱ्यांकडे तुम्ही कशा बघता, ते एकदा आठवून बघा.

* * *

झोपेबद्दल कुणीच लिहीत नाही. एका खोलीत आम्ही चौघं, त्यातला साडेदहाला आडवा होणारा मी एकटा. नाव पडलं 'आजोबा'. डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, झालं. नावाची सवय झाली, उजेडाची होत नाही.

* * *

मला वाटायचं, माझाच निश्चय कच्चा. मग २००७ सालचा एक अमेरिकी अभ्यास वाचनात आला. १२,०६७ माणसांच्या ३२ वर्षांच्या नोंदी तपासल्या, तर मित्र लठ्ठ झाला की आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, जोडीदाराच्या बाबतीत ३७. पुढे यावर आक्षेपही आले, की मुळात सारखी माणसंच एकमेकांची मित्र होतात. काही का असेना, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

जुनी मंडळी सोडायचा प्रश्नच नव्हता, जीव आहे त्यांच्यात. कामाच्या ठिकाणी लिफ्ट टाळून जिने चढणारी एक बाई होती, तिच्या मागून चढायला लागले. दोन वर्षं झाली. तिच्या मुलांची नावं अजून मला माहीत नाहीत, पण मी आले नाही तर ती विचारते. मला तेवढं पुरतं.

* * *

माझं जमलं नाही. सिगारेट दोनदा सोडली, दोन्ही वेळा भावाने शेजारी उभं राहून पेटवली आणि मी हात पुढे केला. आता तिसऱ्यांदा. या वेळी आधी त्यालाच सांगितलं, "दादा, सोड म्हणत नाही, फक्त माझ्यासमोर नको." तो बाल्कनीत जातो. आज एकोणिसावा दिवस.

* * *

आईला 'नको' म्हणणं सगळ्यात अवघड. मी ताटावर हात आडवा धरायचे, ती बोटांच्या फटीतून वाढायची. अक्षरशः. एकदा चिडून म्हणाले, "आई, तू मला आजारी पाडणार आहेस." ती काही बोलली नाही, पण पुढचे चार दिवस वाढताना माझ्याकडे बघितलं नाही.

नंतर मीच स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, "तू पूर्वी ती कमी तेलातली पालेभाजी करायचीस, तशी मला जमत नाही. करशील?" तेव्हापासून ती भाजी इतकी वाढते की पोटात दुसऱ्या कशाला जागाच राहत नाही. आग्रह तिचा तसाच आहे, भांडं तेवढं बदललं.

* * *

धागा मीच काढला होता, म्हणून कळवते. पलीकडच्या बाजूचे दादा, तुमचं वाचून आधी रागच आला. नंतर आठवून बघितलं. मी खरंच बघते हो, आणि वर एक उसासाही टाकते.

काल डबा मीच सगळ्यांपुढे फिरवला. माझ्यापाशी आला तसा काही न बोलता पुढे दिला. नवऱ्याने दोन तुकडे घेतले, मी खिडकीबाहेर बघत राहिले. थोड्या वेळाने नणंद जवळ आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "वहिनी, बरं वाटत नाहीये का तुला?"