ॲम्प रिपेअरचं छोटं वर्कशॉप: चेकिंगचे पैसे, पडून राहिलेले ॲम्प आणि एक जळका ट्रान्सफॉर्मर. मदत हवी आहे

फझवाला_पुणे:

नमस्कार मंडळी,

धायरीला दहा बाय बाराच्या खोलीत गिटार ॲम्प रिपेअर करतो आणि सोबत पेडलं (पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायचे डबे) बनवतो, ओव्हरड्राइव्ह, फझ, कोणी मागितलाच तर डिले. आधी नोकरी सांभाळून शनिवार-रविवार चालायचं, आता पूर्णवेळ हेच. काम येत नाही अशी तक्रार नाहीये, येतं, भरपूर येतं, पण महिनाअखेरीला हातात काही उरत नाही. का उरत नाही हे मला साधारण कळलंय, त्याचं करायचं काय ते कळत नाहीये, म्हणून हा धागा. लांब आहे, चहा घेऊन बसा.

पहिली भानगड चेकिंगची. माणूस ॲम्प घेऊन येतो, "दादा जरा बघ ना, आवाज येत नाहीये, छोटंसंच असेल काहीतरी". आणि पुष्कळदा खरंच छोटंसंच असतं, इनपुट जॅकचा पाय बोर्डावर सुटलेला, ड्राय सोल्डर म्हणजे नीट न धरलेला जोड, आयर्न टेकवलं की झालं. पण तिथवर पोचायला मागची फळी काढा, स्पीकरच्या वायरी सोडवा, चासी (आतला पत्र्याचा सांगाडा) बाहेर ओढा, सगळ्या पॉटचे (आवाज-टोन फिरवायच्या कंट्रोलचे) नॉब आणि नट काढा, त्यातला एखादा नट गंजून फिरतच नाही, मग कुठे बोर्ड उलटा होतो. पाऊण तास तिथेच गेला. समोर खुर्चीत बसलेल्या माणसाला मात्र शेवटचे दहा सेकंदच दिसतात. "एवढ्याचे पाचशे?" आणि ओळखीचा असेल तर तेही नाही, पुढच्या वेळी बघू म्हणतो.

दुसरं, तयार होऊन पडलेले ॲम्प. फोन केला की "येतो ना भाई रविवारी". तो रविवार काही उजाडत नाही. कपाटावर, कॉटखाली, दाराआड सगळीकडे दुसऱ्यांचे ॲम्प. एक बास कॅबिनेट तर वर्ष उलटून गेलं इथेच आहे. पार्ट माझ्या पैशाचे गेलेत त्यात. असे विकून टाकता येतात का? कायद्याने काय आहे?

तिसरं टेक्निकल आहे. एकाचा मामेभाऊ अमेरिकेहून वॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प घेऊन आला, १२० व्होल्टचा, आणि इथे कोणीतरी सरळ २३० ला लावला. माझ्याकडे यायच्या आधी अजून कोणीतरी "बघितलाय", कारण फ्यूजला सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती. मेन ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (मेनच्या बाजूचं वाइंडिंग) मीटरवर ओपन, म्हणजे तुटलेली, दाखवतेय. नवा तिकडून मागवावा की इथे वाइंडिंगवाल्याकडून भरून घ्यावा?

आणि शेवटचं, जर्मेनियम फझ. एसी१२८ (जुना जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर) टाकून बनवतो, थंडीत बायस करून (ट्रान्झिस्टरवरचं व्होल्टेज जुळवून) दिलेलं पेडल मे महिन्यात परत येतं, आवाज तुटतो, फाटतो. कधी कधी वाटतं रिपेअर बंद करून नुसती पेडलं करावीत, इन्स्टावर बाहेरगावहून बऱ्यापैकी विचारणा असते. पण मग असं रडवणारं पेडल कुरिअरने गुवाहाटीला पाठवायचं म्हणजे झोप उडणार.

अनुभवी लोकांनी बोला प्लीज.

रेडिओवाले_काका:

तू वयाने लहान दिसतोस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. सोलापुरात रेडिओ-टेपरेकॉर्डरचं दुकान होतं माझं, बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) ईसीसी८३ आणि ईएल८४ वॉल्व्ह बदलण्यात उमेदीची वर्षं गेली.

चेकिंगचे पैसे स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी घ्यायचे. उघडल्यानंतर मागितलेस की ती भीक होते. काम करायचं ठरलं तर बिलातून वजा, नाही ठरलं तर तेवढे घेऊन फळी परत जागेवर बसवून द्यायचा. भिंतीवर पाटी लाव, पाटीशी कोणी घासाघीस करत नाही, माणसाशी करतात. ओळखीच्यांनाही तीच पाटी, फार तर पार्टवर नफा सोड पण चेकिंग सोडू नकोस.

आणि गिऱ्हाइकाला समोर बसवून काम करायचं नाही. ठेवून जा, संध्याकाळी फोन करतो. ही सवय लावली नाहीस तर तो दहा सेकंदच मोजणार, त्याचं चुकतंय असं पण नाही.

म्हापशाचा_बासिस्ट:

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे गोव्यात समुद्राची हवा, जॅक आणि पॉट हिरवे पडतात, रिव्हर्बच्या (घुमारा देणाऱ्या स्प्रिंगच्या) टाकीला गंज, पावसाळ्यात तर विचारूच नको. मला बिल कधी जड जात नाही, कशाचं ते कळलं नाही की जातं. आमच्या इथला एक रिपेअरवाला उघडल्या उघडल्या फोटो पाठवतो, हा बघ जॅक, हा तुटलेला पाय, हा फुगलेला कपॅसिटर, एवढे होतील, करू का? हो म्हटलं की मगच पुढे. तो फोटो बघितला की मी तरी वाद घालत नाही.

अजून एक रे. आमचा सीझन ऑक्टोबरला चालू होतो. जून ते सप्टेंबर ॲम्प घरात झाकून असतात आणि पहिल्या गिगच्या आदल्या दिवशी कळतं बंद आहे. तू गणपतीच्या आधी सर्व्हिसिंगचा ठराविक रेट काढ, पॉट-जॅक सफाई, सोल्डर तपासणं, अर्थिंग. अर्थिंग तर बघच, अर्धे ॲम्प अर्थची पिन तोडलेले असतात, गाताना माइकला ओठ लागला की झिणझिण्या येतात आणि लोक हसण्यावारी नेतात. माणूस मरतो त्याने.

हिशोबी_ताई:

मी सीए आहे, गिटार मुलगी वाजवते. कायद्याचं थोडक्यात सांगते.

पडून राहिलेल्या मालाबद्दल भारतीय करार कायदा १८७२, कलम १७०. एखाद्या वस्तूवर तुम्ही मेहनत किंवा कौशल्य वापरून काम केलंत तर त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क तुम्हाला आहे. कायद्यात उदाहरणच दिलंय, जवाहिऱ्याकडे पैलू पाडायला दिलेला हिरा. पण हा हक्क फक्त ठेवून घ्यायचा, विकायचा नाही. विकायची मुभा तारण ठेवून घेणाऱ्याला असते, रिपेअरवाल्याला नाही. आणि त्याच वस्तूच्या त्याच कामापुरता, म्हणजे मागच्या पेडलची उधारी आहे म्हणून आज आलेला ॲम्प अडवता येत नाही. वस्तू एकदा दिलीत की हक्क गेला, त्यामुळे "ॲम्प घेऊन जा, पैसे नंतर" हे बंद करा. जागाभाडं लावायचं तर ते आधी लिहून सही घेतलेलं हवं, नंतर मनात आलं म्हणून लावलं तर टिकणार नाही.

म्हणून जॉब कार्ड छापा. मॉडेल, सिरीयल नंबर, येतानाची अवस्था, चेकिंग फी, तयार झाल्याचं कळवल्यापासून किती दिवसांत न्यायचं, त्यानंतर रोजचं भाडं किती. खाली सही. पार्टचे पैसे ॲडव्हान्स.

आता जीएसटी, हे नीट वाचा. रिपेअर ही सेवा, पेडल हा माल. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण तुम्ही सेवाही देता म्हणजे तुमची मर्यादा २० लाख. तिथवर तुम्ही नसाल. पण राज्याबाहेर माल विकलात की ही मर्यादा लागूच होत नाही, पहिल्या पेडलपासून नोंदणी सक्तीची. गुवाहाटी सोडा, म्हापशाला पाठवलंत तरी. बाहेरून रिपेअरला आलेल्या ॲम्पचं तसं नाही, सेवेला २० लाखांची सूट राज्याबाहेरही आहे. तेव्हा "रिपेअर सोडून इन्स्टावर पेडलं" हा निर्णय घ्यायच्या आधी नोंदणी आणि दर वेळची रिटर्न धरून पेडलची किंमत काढा. उद्यम नोंदणी फुकट आहे, ती आजच करा. एजंटला पैसे देऊ नका.

फझवाला_पुणे:

ताई, पहिल्या पेडलपासून हे माहीतच नव्हतं, सगळे ४० लाख ४० लाख करत असतात. धन्यवाद.

म्हापशाचा_बासिस्ट:

ताईंनी माझ्या नावाने पावती फाडली.

अर्धवट_इंजिनियर:

जर्मेनियमचं मी सांगतो, यात मी बरंच डोकं फोडलंय. प्रॉब्लेम पेडलमध्ये नाही, लीकेजमध्ये आहे. जर्मेनियम ट्रान्झिस्टर बंद असताना पण थोडा करंट सोडतो आणि तापमान वाढलं की तो झपाझप वाढतो, मग तू पंचवीस डिग्रीला लावलेला बायस चाळीस डिग्रीला कुठच्या कुठे जातो. मल्टिमीटरच्या एचएफई (गेन, म्हणजे ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो ते मोजायच्या) सॉकेटवर विश्वास ठेवू नकोस, तो लीकेजपण गेन म्हणूनच दाखवतो. मीटर म्हणतो १५०, आत गेन ९० आणि बाकी गळती. ट्रान्झिस्टरचा बेसचा पाय मोकळा सोड, कलेक्टरच्या पायाला २.४ के (किलोओहम) रेझिस्टर लाव, ९ व्होल्ट दे (पीएनपी आहे, उलटी पोलॅरिटी) आणि त्या रेझिस्टरवर व्होल्टेज बघ. ०.४८ व्होल्ट आलं म्हणजे २०० मायक्रोॲम्प गळती, त्याच्या वरचे मी बाजूला काढतो. बोटाने पकडून मोजू नकोस, बोटाच्या उबेने पण रीडिंग चढतं, टेबलवर पडू दे आणि थांब.

मग दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरच्या ८.२ के रेझिस्टरच्या जागी ट्रिमपॉट (फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर) टाक, कलेक्टरवर साडेचार व्होल्ट लाव, आणि तो ट्रिम एनक्लोजरच्या बाहेरून फिरवता येईल असा ठेव. गिऱ्हाइकाला सांग उन्हाळ्यात आवाज तुटला तर कानाने जुळवून घे. ज्यांना ही झंझट नको त्यांना बीसी१०८ चं सिलिकॉन वर्जन दे, थोडं तिखट वाजतं पण मे असो की जानेवारी सारखंच. कुरिअरने जाणारी सगळी सिलिकॉन आणि जर्मेनियम फक्त वर्कशॉपला येऊन घेणाऱ्यांना, मी असंच करेन. आणि तापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला जुने एसी१२८ मिळाले तर मूठभर उचल, निम्मे बाद होणार हे धरूनच भाव कर.

मिरजकर:

विषय वेगळा आहे पण सांगतो. आमच्याकडे तंबोऱ्याची जवारी (तारेचा गुंजणारा नाद) काढून घ्यायला लोक लांबून येतात, नवीन पार्ट एक लागत नाही, घोडीवर हात फिरतो फक्त, तरी पैसे काढताना कोणी कुरकुरत नाही. कारण गवयाला स्वतःला फरक ऐकू येतो. तुम्ही ॲम्प परत देताना त्याच्या हातात गिटार देऊन पाच मिनिटं वाजवायला लावा आणि मग बिल द्या. आधी बिल देऊ नका.

न्यूजर्सीकर:

ट्रान्सफॉर्मर इकडून मागवू नकोस लगेच. लोखंडाचं वजन, शिपिंग आणि कस्टम धरून ॲम्पच्या निम्म्यात जाईल. आधी बाहेरचा टेप जपून उचलून बघ, काही ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरीच्या सिरीजला थर्मल फ्यूज (जास्त तापलं की उडणारा) दडवलेला असतो. तो गेला असेल तरी मीटरवर ओपनच दिसतं आणि वाइंडिंग शाबूत असतं.

वाइंडिंगच गेलं असेल तर इथे भरून घे, पण मग १२० ची भरू नकोस, २३० ची प्रायमरी भरून घे म्हणजे स्टेप-डाउनची (व्होल्टेज उतरवायच्या वेगळ्या ट्रान्सफॉर्मरची) कटकट कायमची संपली. एक गोष्ट वाइंडिंगवाल्याला बजावून सांग: मूळ कोअर (आतलं लोखंड) अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या हिशोबाने असतो, ५० ला तेवढ्याच कोअरवर व्होल्टमागे वेढे २० टक्के जास्त लागतात, कधी कोअरच्या खिडकीत बसत नाहीत, मग पत्र्यांचा स्टॅक जाड घ्यावा लागतो. तो "बसवतो साहेब" म्हणून वेढे कमी करेल आणि तुझा ट्रान्सफॉर्मर भट्टीसारखा तापेल.

आणि जुनाच वाचला तर स्टेप-डाउन ११० व्होल्टचा घे, १२० चा नाही. ५० हर्ट्झवर १२० दिले की कोअरवर ताण येतो. ११० ला वॉल्व्हच्या आतल्या हीटरला ६.३ ऐवजी साधारण ५.८ व्होल्ट मिळतात, वॉल्व्हला ते चालतं.

फझवाला_पुणे:

अपडेट. न्यूजर्सीकर दादा, टेप उचलला, आत थर्मल फ्यूजच निघाला! तो बायपास करून प्रायमरी मोजली, नऊ ओहमच्या आसपास दाखवतेय, सेकंडरीची (ॲम्पच्या बाजूच्या वाइंडिंगची) दोन्ही अंगं सारखी आहेत. म्हणजे वाचला बहुतेक.

चेकिंगची पाटी आज छापायला टाकली, जॉब कार्डाचा मसुदा ताईंना व्यनि (खासगी निरोप) केलाय. रिपेअर सोडत नाही, राज्याबाहेरची पेडलं नोंदणी होईपर्यंत बंद. पडून असलेल्यांना काय मेसेज करू? धमकी वाटायला नको, ओळखीचेच आहेत सगळे.

हिशोबी_ताई:

असा करा: "नमस्कार. तुमचा ॲम्प अमुक तारखेपासून तयार आहे, बिल इतके रुपये. जागेअभावी १ तारखेनंतर तो इथे ठेवणं मला शक्य होणार नाही, त्याआधी घेऊन जा. येणं जमत नसेल तर कळवा, तुमच्या खर्चाने पोचवतो." सोबत चालू ॲम्पचा व्हिडिओ टाका. सगळ्यांना एकाच दिवशी पाठवा आणि स्क्रीनशॉट ठेवा. एखादा म्हणाला की विकून टाक, तर ते त्याच्याकडून लिहून घ्या, मग विकता येतो.

रेडिओवाले_काका:

मेसेज बाईंनी चांगला दिलाय. आता ॲम्पचं ऐक. थर्मल फ्यूज बायपास ठेवून कायमचा चालवू नकोस, त्याच तापमानाचा नवा टाक. सोल्डर करताना पाय पक्कडीत धर, नाहीतर आयर्नच्या उष्णतेनेच तो उडेल आणि तू परत ओपन म्हणून डोकं धरून बसशील. त्याहून बरं म्हणजे क्रिंप कर (सोल्डर न करता दाबून जोड).

दुप्पट व्होल्टेज खाल्लेले फिल्टर कंडेन्सर (कपॅसिटर) सगळे बदल, वरून चांगले दिसले तरी. हात घालायच्या आधी १० के, ५ वॅटचा रेझिस्टर क्लिपने लावून रिकामे कर आणि मीटरने खात्री कर, चारशे-साडेचारशे व्होल्ट बसलेले असतात आत. मग वॉल्व्ह काढून ठेव, स्टेप-डाउनच्या आधी सिरीज बोर्डात साठ वॅटचा जुना पिवळा (तारेचा) बल्ब लाव आणि चालू कर. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जा, भक्क पेटून राहिला तर बंद कर आणि मला सांग.