कीटकनाशकाच्या बाटलीवरचा लाल त्रिकोण कोणी बघतं का?

रावेरचा केळीवाला:
फवारणीच्या दिवसात कृषी केंद्रात उभं राहून बघा जरा. माणूस येतो, मोबाईलमधला किडीचा फोटो दाखवतो, दुकानदार बाटली काउंटरवर ठेवतो, विषय संपला. बाटलीवर चौकटीत रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, पण तो बघतं कोण? माहितीपत्रक तर घडी न मोडता बांधावर पडतं. 2017 ला यवतमाळकडे फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, तेव्हाही त्रिकोण होताच ना? लेबल पुरे झाले, लालवाली औषधं विकणंच बंद करा.

चोपड्याहून:
नाही भो, लोक बघतात, पण उलटं बघतात! आमच्याकडे लाल म्हणजे "पावरवालं", हिरवं दिलं तर "यानं काय अळी मरते का" म्हणून परत करतात. म्हणजे खूण पोचली, अर्थ नाही पोचला. तो मराठीत मोठ्या अक्षरात लिहा ना.

जळगाव, नोकरीवाली:
लेबलचा उपयोग फक्त गिऱ्हाईकालाच होतो असं का धरता? कॅलिफोर्नियात 1986 चा कायदा आहे, कॅन्सर करणारं रसायन असेल तर इशारा द्यावा लागतो. पाट्या इतक्या ठिकाणी लागल्या की लोक तिकडे बघेनासे झाले, हे खरं. पण 2012 ला कोक-पेप्सीने तो इशारा छापावा लागू नये म्हणून कॅरॅमल रंग बनवायची पद्धतच बदलायला लावली. कंपनी घाबरते, ते महत्त्वाचं.

रावेरचा केळीवाला:
ताई, कोल्ड्रिंकचा रंग बदलता येतो, इथे विष हाच माल आहे, तो कसा बदलणार? आणि फवारणारा मजूर बाटली विकत घेतच नाही, त्याच्या पाठीवर भरलेला पंप येतो. लेबल वाचायचं कोणी आणि ते नाकातोंडात जातं कोणाच्या!

दुकानवाला, अमळनेर:
मजुराचा मुद्दा मान्य, निम्मा माल उधारीवर जातो, तिथे रंग निवडायला कोण बसतं तेही मान्य. पण लेबल बिनकामाचं म्हणू नका. विषबाधेवरचा उतारा त्यावरच लिहिलेला असतो, डॉक्टर पहिलं विचारतात कोणतं औषध होतं, आणि नातेवाईक सांगतात "पांढरं होतं". फवारणी झाली तरी बाटली फेकू नका, लेबल फाडू नका, आणि दवाखान्यात जाताना ती सोबत घेऊन जा.