मदत हवी आहे: आवाज न वाजवता रानपिंगळ्याची पाहणी कशी करावी?

नमस्कार. ठाणे जिल्ह्यातील तानसा परिसरातल्या सागाच्या पानझडी जंगलात आम्ही रानपिंगळ्याची (एका लहान घुबडाची) पाहणी करीत आहोत. १८८४ नंतर थेट १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला हा पक्षी विणीच्या काळात विचलित होऊ नये, म्हणून ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला प्रतिसाद द्यायला लावायचे नाही, ही आमच्या परवानगीतील अट आहे आणि ती मला योग्यच वाटते.

रानपिंगळा दिवसाही सक्रिय असल्याने सकाळी पायी फिरून पाहिले, परंतु वाळलेल्या पाचोळ्यावर पाऊल पडताच पक्षी गप्प होतात. त्यानंतर झाडांना स्वयंचलित ध्वनिमुद्रक बांधले. त्यांत साध्या पिंगळ्याचे आवाज भरपूर मिळाले. काही आवाज मात्र स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचा आलेख) पाहूनही संशयास्पदच राहिले. छायाचित्र मिळाले तर प्रश्न उरत नाही, कारण रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके अगदी पुसट असतात आणि छातीवरचा तपकिरी रंग जवळजवळ सलग दिसतो.

उपकरणे मोजकीच असून ती आळीपाळीने हलवावी लागतात; जंगलात मोबाइलला रेंज नाही. घरट्याजवळ जाण्याचा विचार नाही आणि नेमकी ठिकाणे येथे देणार नाही.

अशा पाहणीचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे: दोन ध्वनिमुद्रकांत किमान किती अंतर ठेवावे, आणि एका जागी किती दिवस मुद्रण केल्यावर ‘येथे रानपिंगळा नाही’ असे जबाबदारीने लिहिता येते?